शिवमूर्तीअण्णांना कावळा शिवला

शिरूर अनंतपाळच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे. बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, शिवमूर्ती शेटकारांचं हार्डवेअर, आणि त्यांच्या दारात एक जुना कडुलिंब. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात तिथे जे घडलं त्यातलं बरंचसं मी खुर्चीतून न उठता पाहिलं. उरलेलं दानम्मावहिनींनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, नंतर सांगितलं. एका गोष्टीत तर माझाच हात होता. ती अजून मला ऐकवली जाते.

अण्णांचं वय पंचावन्न. कपाळावर विभूती, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. माणूस सरळ, पण दुकानात कडक. एक खिळा मागितला तर एकच मिळायचा, आणि तोही "कशात ठोकायचाय?" असं विचारून. चुकीचा खिळा ते कुणाला नेऊ द्यायचे नाहीत.

चैत्रात त्या लिंबावर कावळ्याच्या जोडीनं घर बांधायला काढलं. गावातले बाकीचे कावळे काटक्या शोधत हिंडत होते. या जोडीला तर दाराशीच हार्डवेअरचं दुकान मिळालं. अण्णा बाइंडिंग वायर तोडून द्यायचे, तुकडे खाली पडायचे, आणि कावळा टुणटुणत येऊन त्यातला नेमका हवा तो उचलायचा. वाकडा तुकडा असला तर चोचीत धरून बघायचा आणि टाकून द्यायचा.

"गिऱ्हाईक म्हणावं तर असं," अण्णा म्हणाले. "काय पाहिजे ते ठाव हाय त्याला."

माझ्या दुकानातूनही स्पायरल बायंडिंगच्या दोन तारा गेल्या. तेव्हा अण्णा हसले होते.

माझ्या बाकड्यावर धोंडप्पा बसलेले असतात. वीज खात्यात वायरमन होते, आता निवृत्त. आयुष्य खांबावर गेलं, त्यामुळे पाखरांची घरं त्यांना वरून माहीत आहेत. आपल्याला फक्त खालून दिसतात.

"होल्याचं घर म्हणजे दोन काड्या आडव्या, दोन उभ्या," ते सांगायचे. "खालून बघितलं तर अंडं दिसतं. टिटवीला तेवढंही नको. खडीत अंडी घालती, वर आपल्यालाच शिव्या देती. सुगरणीचा नर बिचारा अर्धं घर विणून वाट बघतो. मादी येती, आत डोकावती, न्हाई आवडलं की चालली. मग ह्यानं दुसरं सुरू करायचं. पण मजबूत काम कुणाचं म्हणाल तर कावळ्याचं. आरसीसी! खांबावर असलं तारेचं घर काढायला मला पक्कड लागायची. आणि हेल्मेट. लोकांना वाटायचं करंटच्या भीतीनं घालतो. करंट परवडला."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. अण्णांना कुणी सांगितलं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला.

वैशाखात एका दुपारी वावटळ उठली. पत्रे वाजले, माझी कागदं उडाली, आणि लिंबावरून एक पिल्लू पीव्हीसी पाइपांच्या ढिगाऱ्यावर पडलं. काळपट, अर्ध्या पिसांचं, चोच वासलेलं. बाजारातलं बोकं लगेच पायरीशी येऊन बसलं. अण्णांनी बोक्याला हाकललं, खांद्यावरच्या टॉवेलात पिल्लू उचललं, नवं घमेलं काढून त्यात पोतं अंथरलं, शिडी लावली आणि दुकानापुढच्या पत्र्यावर, लिंबाच्या सावलीत, ते घमेलं ठेवून दिलं. आईबापाला तिथं येऊन चारता येईल, एवढाच त्यांचा विचार. विचार बरोबरच होता. संध्याकाळी कावळी खरंच घमेल्यात येऊन पिल्लाला चारून गेली.

पण कावळ्यांनी काय पाहिलं? पांढरा शर्ट घातलेल्या एका माणसानं आपलं लेकरू टॉवेलात गुंडाळून उचललं. बास.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शटर उघडायला वाकले, आणि मागून काहीतरी काळं सूं करत आलं. चोच का पंजा ते मला दिसलं नाही. फाट् असा आवाज मात्र रस्त्यापलीकडे ऐकू आला. अण्णा उभ्याचे खाली बसले. डोक्याच्या मधोमध रक्ताचा थेंब. बाजारात त्या वेळी पन्नास माणसं होती, पण कावळा दुसऱ्या कुणाकडे वळला नाही. अण्णा उठले, तो परत आला. अण्णा दुकानात पळाले, तो फांदीवर बसून काव काव करत राहिला आणि त्यानं आणखी दहा जण बोलावले.

"आता तोंड ध्यानात ठेवलं त्यानं," धोंडप्पा म्हणाले. "कावळा इसरत न्हाई. पिल्लं उडून जाईपर्यंत अण्णांची खैर न्हाई."

हे सगळं केवळाबाईंनी पाहिलं. केवळाबाई म्हणजे अण्णांच्या आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठराचा. अण्णांचं घर दुकानाच्या वरच आहे, आणि आत्याबाई सकाळी गॅलरीत बसून बाजारावर नजर ठेवतात.

"शिवला! डोस्क्याला शिवला!" त्या वरूनच ओरडल्या. "दानम्मा, कावळा शिवला गं याला!"

डोक्याला कावळा शिवणं म्हणजे मरणाचा सांगावा, ही जुनी समजूत. तोडगाही तितकाच जुना. शिवलेला माणूस मेला अशी खोटी बातमी एखाद्या नातेवाइकाला कळवायची. तो रडला, की गंडांतर टळलं. मग खरं सांगायचं.

दानम्मावहिनी डोक्याला हळद लावत म्हणाल्या, "आत्याबाई, आपल्यात कावळ्याचं कुठं काय असतंय? आपण ना पिंड ठेवत, ना काकस्पर्श बघत. आपण लिंगायत हाव."

"ते तुला ठाव हाय, मला ठाव हाय," आत्याबाई म्हणाल्या. "कावळ्याला ठाव हाय का?"

वहिनी हळदीची वाटी उचलून आत गेल्या. अण्णांनी मात्र ठणकावलं, "कुणाला काही कळवायचं न्हाई. खामखा तमाशा नको."

दोन दिवस गेले. अण्णांनी छत्री उघडली, तर कावळा छत्रीच्या काठावर बसला. शर्ट बदलून निळा घातला, तरी त्यानं ओळखलं. शेवटी धोंडप्पांनी सुचवलं, की तोंडच झाका. मग अण्णा हेल्मेट, काळा चष्मा आणि नाकावर वहिनींची ओढणी अशा थाटात ये-जा करायला लागले. तेव्हा कुठे कावळा शांत झाला. गिऱ्हाइकं मात्र घाबरली. आत आल्यावर अण्णा हेल्मेट काढायचे आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं विचारायचे, "कशात ठोकायचाय?"

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, अण्णा माल बघायला लातूरला गेले. जाताना मोबाइल चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. वहिनी शेजारच्यांच्या गच्चीवर कुरडया घालायला गेल्या. घरात आत्याबाई एकट्या, आणि समोर फोन.

अण्णांची धाकटी बहीण सुकन्या मुदखेडला दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिनं घर बांधलं, वास्तूला भावाला बोलावलं. अण्णा 'दुकान सोडून कसं येऊ' म्हणाले आणि गेले नाहीत. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. आत्याबाईंनी नेमका तिलाच फोन लावला. नंतर वहिनींनी विचारलं, "जी बोलतसुद्धा न्हाई तिला कामून लावला?" तर आत्याबाई म्हणाल्या, "बोलत न्हाई म्हणूनच. लई मनापासून रडंल, म्हणून."

आत्याबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "सुकन्या, शिवमूर्ती गेला गं."

तिकडून जी किंकाळी आली ती ऐकून आत्याबाईंना समाधान वाटलं. नियमाप्रमाणे थोडं रडू द्यायचं आणि मग खरं सांगायचं. म्हणून त्यांनी फोन ठेवला, चहा टाकला, चहा प्यायला, कप विसळला आणि परत फोन लावला. फोन कुणी उचलेना.

कारण तिकडे सुकन्याताई कणीक भरल्या हातानं जीपमध्ये बसून निघाल्या होत्या. घरी राहिलेल्या फोनकडे बघायला कुणी नव्हतं. त्यांचे यजमान रामलिंगराव सोबत होते, आणि त्यांनी जाता जाता एक काम केलं होतं. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अण्णांचा फोटो टाकला. खाली दोन ओळी, हात जोडलेले, फुलं.

अकरा वाजता ती बातमी फिरत फिरत माझ्या मोबाइलवर आली. मी समोर पाहिलं. दुकान बंद. अण्णांचं दुकान आणि गुरुवारी बंद? मला तर तेवढाच पुरावा पुरला. धोंडप्पा डोळे पुसत म्हणाले, "परवा शिवला, आज गेले. मी कधी मानलं न्हाई असलं काही." व्यापाऱ्यांनी अर्ध्या तासात शटरं ओढली. आणि व्यापारी मंडळाचे दोघं माझ्याकडे आले, की रविकिरण, एक बॅनर काढ, सहा बाय चार.

तर माझा हात तो हा. बॅनर मीच छापला. दुकानाच्या उद्घाटनातला अण्णांचा फोटो होता, तो घेतला, हातातली कात्री कापून टाकली आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून लिंबाच्या खोडाला बांधला. कावळे वरून शांतपणे बघत होते.

दानम्मावहिनी गच्चीवर चीक गाळत होत्या. अचानक चार बाया वर आल्या आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. वहिनींना वाटलं शेजारच्या घरात काही झालं. त्याही रडायला लागल्या. मग कळलं कोण गेलं ते.

"अहो, हे लातूरला गेलेत!" वहिनी म्हणाल्या. "सकाळी भाकरी खाऊन गेले!"

"व्हय गं माय, व्हय," बाया पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, आणि एकमेकींकडे बघून हळूच बोलल्या, "धक्का बसलाय."

वहिनी धावत खाली आल्या. गॅलरीतून आत्याबाई हात हलवून ओरडत होत्या, "अरे खोटं हाय रे! मीच सांगितलं! खोटं हाय!" खाली साठ-सत्तर माणसं मान खाली घालून उभी.

"म्हातारीलाही धक्का बसला," कुणीतरी म्हणालं.

एकाला सांगितलं तर माणूस ऐकतो. साठ जणांना सांगितलं तर कुणीच ऐकत नाही. अण्णांना फोन लावावा तर फोन घरातच वाजला, आणि तो आवाज ऐकून तर बायांना आणखीच भरून आलं. मठात निरोप गेला. लिंगायतांत पुरतात, म्हणून शेतात खड्डा घ्यायला खणकाम करणाऱ्या मलप्पाला बोलावणं गेलं, आणि मलप्पा येऊन नेमका त्या बंद शटरसमोर उभा राहिला.

साडेबारा वाजता स्टँडच्या बाजूनं हेल्मेट, काळा चष्मा आणि ओढणी बांधलेला एक माणूस पिशवी घेऊन चालत आला. वैशाखाचं ऊन. बाजारात निम्मे लोक तोंड बांधूनच होते. कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. अण्णा गर्दीच्या मागे उभे राहिले. आपल्या दारात एवढी माणसं कामून, हे त्यांना कळेना. पुढे टोप्या आणि पाठी, बॅनर काही दिसत नव्हता. त्यांनी शेजारी उभ्या मलप्पाला विचारलं, "काय झालं?"

"मालक गेले," मलप्पा म्हणाला. त्याचा जीव वेगळ्याच काळजीत होता. "आता खड्डा घ्यायचाय, आन माझ्या टिकावाचा दांडा मोडलाय. नवा घ्यावा म्हणलं, तर दुकान ह्यांचंच. आता कुणाला मागावं?"

कोण गेलं, कोणते मालक, हे विचारायचं राहून गेलं. तोंडातून सवयीनं जे यायचं तेच आलं.

"जमीन कसली हाय? काळी का मुरमाड?"

"मुरमाड."

"मग तीन फुटी घे, बाभळीचा. सागवानी नको, फुटतो."

ओढणीतून आला तरी आवाज तोच. मलप्पा दोन पावलं मागे सरकला. पुढची माणसं वळली. एका बाईनं "शिवा शिवा" म्हणून डोळे झाकले. अण्णा वैतागले. त्यांनी ओढणी सोडली, चष्मा काढला आणि हेल्मेट डोक्यावरून उतरवलं.

खरंच अण्णा, का तसलाच दुसरा कुणी, का आणखी काही, हे ठरवायला कुणी पुढे येईना. सत्तर माणसं जागच्या जागी.

लिंबावरून तो काळा सूं करत आला. सत्तर डोक्यांवरून, टोप्यांवरून, टकलांवरून सरळ, कुठे न चुकता, अण्णांच्या डोक्यावर. फाट्!

"पटली ओळख," धोंडप्पा मोठ्यानं म्हणाले. "अण्णाच हायत."

मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी हसतंय, कुणी पाया पडतंय, वहिनी अण्णांचा दंड धरून रडतायत आणि त्याच दमात आत्याबाईंना बोलतायत. आत्याबाई वरून म्हणतायत, "टळलं की न्हाई? टळलं ना? मग?" अण्णांनी डोकं धरून दुकान उघडलं. पहिल्यांदा मलप्पाला दांडा दिला. मग ते लिंबापाशी आले आणि बॅनर वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागले. मी लांब पळायच्या तयारीत होतो.

"रविकिरण," ते म्हणाले, "ह्या फोटोत डोळे अर्धे मिटलेत. दुसरा न्हवता का?"

पण सुकन्याताईंची जीप अजून रस्त्यात होती. घरातून निघालेल्या माणसाला कळवणार कसं? रामलिंगरावांच्या फोनची बॅटरी, सगळ्या जगाला बातमी दिल्यावर, उतरली होती. चार वाजता जीप थांबली. सुकन्याताई उतरल्या. चपला नाहीत, मनगटापर्यंत कणीक वाळलेली. रडून आवाज गेलेला. वळून बघतात तर भाऊ समोर माझ्या बाकड्यावर बसून बशीतून चहा पितोय, टाळूवर हळदीचा लेप.

त्या तशाच रस्ता ओलांडून आल्या. मग हातातली पिशवी त्यांनी भावाच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा. चहा सांडला. अण्णांनी बशी खाली ठेवली.

"मेलास म्हणून आले," त्या म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता. "जिता असताना आलास का तू माझ्या घरी? दोन वर्षं झाली. माझ्या घराला जिने किती हायत ठाव हाय का तुला? रंग कोणता हाय?"

सत्तर माणसं अण्णांसाठी उभी होती तेव्हा त्यांचा चेहरा हलला नव्हता. आता त्यांना बहिणीच्या तोंडाकडे बघवेना, ते तिच्या हातांकडे बघायला लागले. "सुकन्या, हात धू," एवढंच म्हणाले. "कणीक वाळलीय."

वहिनींनी त्यांना वर नेलं. सुकन्याताई संध्याकाळीच परतणार होत्या, त्या आठ दिवस राहिल्या. दोन दिवस त्या आत्याबाईंशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दोघी गॅलरीत बसून पत्र्यावरचं घमेलं बघायला लागल्या. पिल्लू भराभर वाढत होतं, दिवसभर चोच वासून कर्कश ओरडायचं, आणि कावळा-कावळी दमेपर्यंत त्याला चारायची. वहिनींची उरलेली कुरडईही त्यातच गेली.

एका सकाळी सुकन्याताईंनीच ओळखलं. "वहिनी, ह्याच्या पंखावर पांढरे ठिपके हायत. कावळ्याला असतात का?"

धोंडप्पांना वर बोलावलं. त्यांनी गॅलरीतून वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कोकिळा! कावळीच्या घरात घालून गेली ती. नर पुढं होऊन कावळ्यांना मागं लावून नेतो, तेवढ्यात ही आत जाती, अंडं टाकती, मोकळी. हे कावळ्याचं न्हवंच!"

आत्याबाई चिडल्या. "म्हणजे माझ्या पोराचं डोस्कं फोडलं ते दुसऱ्याच्या लेकरापायी?"

"तिला काय ठाव दुसऱ्याचं हाय ते," सुकन्याताई म्हणाल्या. कावळी तेव्हाच आली आणि स्वतःएवढ्या त्या ठिपक्यांच्या पिल्लाच्या घशात डोकं घालून चारायला लागली.

अण्णांनी हे खालून ऐकलं, पण ते बाहेर आले नाहीत. कावळ्याला ही बातमी कळवायची सोय नव्हती.

पुढच्या बुधवारी पिल्लू घमेल्याच्या काठावर आलं, तिथून पन्हाळीवर, पन्हाळीवरून लिंबावर. दुपारपर्यंत ते स्टँडमागच्या चिंचेकडे गेलं आणि कावळा-कावळी ओरडत त्याच्या मागे. शुक्रवारी अण्णांनी हेल्मेट न घालता शटर उघडलं. वाकले, थांबले, वर बघितलं. काही आलं नाही. मला वाटलं ते सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी घमेलं खाली उतरवलं, धुतलं, आणि विकायला न ठेवता आत नेलं.

शनिवारी सुकन्याताई निघाल्या, तेव्हा अण्णाही पिशवी घेऊन खाली आले. मुदखेडला जातोय म्हणाले, दोन दिवसांसाठी. मला रस्त्यापलीकडून हाक मारली आणि एक कागद छापून मागितला. मजकूर त्यांनीच सांगितला. मी मोठ्या अक्षरात काढून शटरवर चिकटवला: 'दुकान दोन दिवस बंद राहील. मालक गावाला गेले आहेत. जिवंत आहेत.'

सोमवारी संध्याकाळी ते परत आले. आत्याबाई गॅलरीतच होत्या. "कसं हाय रे सुकन्याचं घर?" त्यांनी वरूनच विचारलं.

"चांगलं हाय," अण्णा म्हणाले. "पिस्ता रंग दिलाय. दोन जिने हायत. मागचा जरा उभा हाय. पुढच्या महिन्यात जाऊन कठडा बसवून देतो."